भामाबाईंची नवी तबकडी

१ जानेवारी १९६०, शुक्रवार. दुपारची जेवणं आटोपल्यावर.

कमलाकांतला ऑफिसातून डायरी मिळाली. त्याला तिच्यात लिहायला काही नाही. दिवसा ऑफिस, संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभा, दोन्हीकडे बोलायचं काम दुसऱ्यांचं. म्हणून डायरी मी घेतली. म्हणाला, आई, तुला लिहिता कुठं येतं. मी म्हटलं, तुला स्वयंपाक येत नाही, म्हणून तू जेवायचा थांबलास का.

लिहील सुमती. सुमती म्हणजे माझी सून. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला सगळी अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. मी सांगेन तेवढंच लिहायचं, पदरचं घालायचं नाही, अशी ताकीद दिली आहे. ही डायरी वाचणार कोणी नाही. मला वाचता येत नाही आणि सुमतीला एकदा लिहून पुरे होतं. तेव्हा सगळं खरं सांगायला हरकत नाही.

या वर्षी तपकीर बंद. सुमतीला टोचून बोलणंही बंद. इथं सुमती हसली. का हसलीस तेही लिही म्हटलं, तर पेनात शाई भरायला उठली.

तिसरी गोष्ट माझ्या रेकॉर्डींची. हे गेले, यांचा चावीचा फोनो राहिला. आणि मी रेकॉर्डी जमवत गेले. इतर बायका बोहारणीला जुने कपडे देऊन पातेली घेतात. मी आमच्या बोहारणीला सांगून ठेवलं आहे, मला पातेलं नको, कुठल्या घरातून जुनी तबकडी निघाली तर ती आण. कमलाकांतची दोन धोतरं आणि एक लोकरी कोट असे गाण्यात गेले. कोट तो अजून शोधतो आहे. बैठकीच्या बायांच्या, बुडालेल्या कंपन्यांच्या, कुठं म्हणजे कुठं मिळत नाहीत अशा तबकड्या माझ्याकडे आहेत. गिरगावात दुसरा असा संग्रह नाही. या वर्षी तो नीट लावायचा. आणि ज्या दुर्मिळ आहेत त्या पुन्हा नव्या काढायच्या. कशा, ते बघू. माणसं नवं राज्य काढायला निघाली आहेत, मला तबकडी काढता येणार नाही?

५ जानेवारी, मंगळवार.

रेकॉर्डी लावल्या. पलंगाखाली झुरळं, कपाटात कमलाकांतच्या फायली. शेवटी ताटाळं रिकामं केलं. ताटाळ्याइतकी चांगली सोय साहेबालासुद्धा सुचली नसती. एका खणात एक तबकडी, उभी. मध्ये कडुलिंबाचा पाला, शालूच्या घडीत घालतात तसा. ताटं गेली पलंगाखाली. झुरळांनी ताट खाल्ल्याचं अजून कोणी ऐकलेलं नाही.

कमलाकांत संध्याकाळी केळीच्या पानावर जेवला. आज काय सण आहे, म्हणाला.

९ जानेवारी, शनिवार.

झुरळांना ताटं आवडली नाहीत. ती ताटाळ्यात गेली आणि रेकॉर्डींच्या मधोमध चिकटवलेले कागद खळीसकट खाऊन आली. आता कुठल्याच रेकॉर्डीवर नाव नाही. सुमती म्हणाली, आई, आता कुठली कोणाची ते कसं कळायचं. मी म्हटलं, आधी तरी मला कुठं वाचता येत होतं. बोटांना कळतं. एकीची कड दाताएवढी गेलेली, एकीच्या पाठीवर पाल चढल्यासारखा ओरखडा, एक अंगानं जड.

तिनं माझ्या डोळ्यांना रुमाल बांधून एकेक हातात दिली आणि लगेच वाजवून बघितली. फोनोची चावी देऊन देऊन तिचा हात दुखला, पण माझी एकही चुकली नाही. सुमतीला त्याचा म्हणावा तसा आनंद झाला नाही.

शेवटची रेकॉर्ड चालू असताना आतली स्प्रिंग तुटली. परीक्षा तिनं घेतली, स्प्रिंग तिनं तोडली. हे लिही.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत.

हळदीकुंकवाच्या गडबडीत एक अनोळखी बाई आली. पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी, चपला काढतानासुद्धा घाईत. परळला बाळंतिणींच्या हॉस्पिटलात नर्स आहे. नाव राधा, वय चाळिशीचं. म्हणाली, मावशी, तुमच्याकडे भामाबाई मळेवाडकरांची रेकॉर्ड आहे असं तुमच्या बोहारणीनं सांगितलं. तिची सून आमच्याकडे बाळंत झाली.

मी म्हटलं, आहे. मुंबईत एकच आहे. कंपनी बुडाली, साचे भंगारात गेले. भामाबाईंना मी आमच्याकडच्या मुंजीत चिकाच्या पडद्याआडून ऐकलेलं आहे. तसा गळा आता होत नाही, आता सगळ्या पडशानं गातात.

ती म्हणाली, भामाबाई माझी आई.

दोन वर्षांची असताना तिची आई गेली. मावशीनं वाढवलं. फोटो आहे, पण आवाज अजिबात आठवत नाही. एकदा ऐकायला मिळेल का, म्हणाली. तिच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला होता.

मी म्हटलं, मिळेल का म्हणजे काय? ही तबकडी तुझ्यासाठीच सांभाळली म्हण. फक्त फोनोची स्प्रिंग तुटली आहे, पुढल्या रविवारी ये. सुमती म्हणाली, तळमजल्यावर फोनो आहे, आत्ता जाऊन वाजवता येईल. भामाबाई तळमजल्यावर जाणार नाहीत, मी म्हटलं. कुणाच्या घरी बोंबील तळलेत त्याचा वास घेत त्यांनी गायचं होय?

आपल्याच घरी मी काल बोंबील तळले होते, असं सुमतीनं लिहू नये. काल ते काल.

२४ जानेवारी, रविवार.

स्प्रिंग बसवून आणली. तबकडी हातात घेतली, तर कडेपासून आतपर्यंत केसाएवढी भेग. ताटाळ्याचा खण अंमळ अरुंद आहे. सुई त्या भेगेवर आली की भामाबाई तेच तेच म्हणत राहतात, उचकी लागल्यासारख्या.

राधा दुपारी आली. मी सांगितलं, आज नाही. मुलीनं आईचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकायचा, तो उचक्यांसकट? शोभत नाही. ती म्हणाली, मावशी, मला चालेल. मी म्हटलं, तुला चालेल गं, भामाबाईंना चालणार नाही. मी तबकडी नवी करून घेते, मग स्वस्थ ऐक. वाटलं तर एक घेऊनच जा.

ती ताटाळ्याकडे वळली. नवी होते का, म्हणाली. मी म्हटलं, जगात काय होत नाही.

ती गेल्यावर सुमती म्हणाली, नुसतं ऐकायचंच तर होतं तिला. सुमतीला कशाची म्हणून हौस नाही. तपकीर एकदाच ओढली.

७ फेब्रुवारी, रविवार.

ट्रामनं दादरला गेलो, बेबीकडे. बेबी म्हणजे माझी नणंद. साठीला आली तरी बेबीच. घरात मोठं कोणी उरलं नाही, नाव बदलणार कोण. हिंदमाताच्या कापडबाजाराजवळ राहते, त्यामुळे महिन्याला एक नवं पातळ आणि ते नेसून आम्हाला बोलावणं.

आज पातळ नव्हतं, रेकॉर्ड होती. मोठी, पातळ, एका बाजूला पाच गाणी. लाखेची नाही, प्लॅस्टिकची. फुटत नाही. बेबीनं मुद्दाम जमिनीवर टाकून दाखवली. जुनीच गाणी कंपनीनं नव्या तबकडीवर काढलीत म्हणाली. वहिनी, तुमच्या त्या लाखेच्या तबकड्या आता पापड झाकायला घ्या.

मी म्हटलं, माझ्या तबकडीवर गाणं एकच असतं, कारण ते ऐकण्यासारखं असतं.

येताना ट्राममध्ये पक्कं ठरवलं. भामाबाई नव्या काढायच्याच. कमलाकांतनं उद्या कंपनीला पत्र टाकावं.

१० मार्च, गुरुवार.

कंपनीचं उत्तर आलं. कमलाकांतनं वाचून दाखवलं. साचा नसल्यास मूळ रेकॉर्ड आमच्या कारखान्यात पाठवावी, तिच्यावरून काही करता येईल का ते पाहू. कारखाना कलकत्त्याला.

मी माझी मुलगी कलकत्त्याला दिली नसती. कमलाकांत म्हणाला, आई, तुला मुलगी नाही. मी म्हटलं, म्हणूनच सांगते. एकदा पाठवली की काय केलं ते बघायला मी थोडीच तिथं बसणार. आमच्याकडे सोनाराला जुनं सोनं दिलं की आटेपर्यंत समोरून हलायचं नाही. माझी सासू मुशीकडे टक लावून बसायची, सोनाराला शिंक आली तरी हातावर नजर. सोनार आईच्या नथीतलंसुद्धा काढतो म्हणतात. मग हे तर कलकत्त्याचे.

नाही म्हणून कळवायला सांगितलं.

२८ मार्च, सोमवार. पाडवा.

गुढी उभारली. कोबीचं भानोळं छान झालं. सुमतीनं केलं, पण सांगत मी होते.

कमलाकांत सांगत आला की १ मेला आपलं राज्य नक्की. मुंबईचं द्वैभाषिक राज्य मोडणार, त्यातून दोन नवी राज्यं घडवणार. ऐकता ऐकता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोडून घडवायचं. आम्ही आयुष्यभर दुसरं काय केलं? सासूच्या गोठाच्या पाटल्या झाल्या, पाटल्यांच्या सुमतीच्या बांगड्या. तबकडी लाखेची. लाख मला काय नवीन आहे? दागिन्यांच्या पोटात लाखच भरतात. भेगाळलेली तबकडी आटवायची, तीच लाख, तशीच ओतायची. भेग गेली, गाणं राहिलं. कलकत्ता नको न् काही नको.

सुमती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, आई, सोन्यात आवाज नसतो. मी म्हटलं, तुझ्या बांगड्या मोडून घडवल्या तेव्हा किणकिण सोनाराकडे राहिली का? हातात घातल्याबरोबर वाजल्याच ना? संध्याकाळी कमलाकांतशी आत काहीतरी कुजबुजत होती. तो बाहेर येऊन म्हणाला, आई, तबकडीला हात लावू नकोस, रेघा असतात त्यात. मी म्हटलं, बघू. बघू म्हटलं की मुलं झोपतात.

३ एप्रिल, रविवार.

वाडीतल्या मंडळात जाहीर करून आले. १ मेला अंगणात कर्णा लागणार आहे, त्यावर पहिलं गाणं भामाबाईंचं, नव्या तबकडीवरून. टाळ्या पडल्या.

राधा आली होती, तिलाही सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं. म्हणाली, मावशी, तोवर एकदा तुटकीच ऐकवा ना. आज माझी सुट्टी आहे. मी म्हटलं, चाळीस वर्षं थांबलीस, आता महिनाभरानं काय होतं? सगळ्या वाडीनं तुझ्या आईला टाळ्या दिलेल्या ऐकशील. ती म्हणाली, टाळ्यांचं काय करू.

नर्स आहे. हौस कुठून येणार. तपकीर सणावारी चालते असं ठरवलं आहे.

१२ एप्रिल, मंगळवार.

सुमती काल माहेरी गेली होती, कमलाकांत ऑफिसात. म्हणून कालचं आज सांगते आहे.

लालबागचा सीताराम फुटक्या रेकॉर्डी न्यायला वाडीत येतो. त्या आटवून पार्सलांना सील मारायची लाख करतो. मी त्याच्याबरोबरच त्याच्या गाळ्यावर गेले, भामाबाईंना पोटाशी धरून. तो म्हणाला, आजी, ही तर चांगली आहे, मला फुटक्या चालतात. मी म्हटलं, हिला आटवून हिचीच हीच करून दे. माझ्यासमोर. दुसऱ्या लाखेचा एक कण मिसळायचा नाही. तो म्हणाला, आजी, पण यातलं गाणं. मी म्हटलं, तू लाखेचं बघ, गाण्याचं मी बघते. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाला. गुणी माणूस आहे.

समोर स्टुलावर बसले. आधी हातोडीनं तुकडे केले. तेव्हा मी स्टुलाची कड घट्ट धरली. पण पाटल्या कापतानाही धरलीच होती. तुकडे मी मोजून घेतले, खालचा चुरासुद्धा हातानं गोळा करून कढईत टाकला. सोनाराकडची धूळ सोडत नाहीत, मी भामाबाईंची सोडीन? साचा म्हणून घरून पितळेची ताटली नेली होती. तिच्यात ओतलं. मध्ये तापल्या सळीनं भोक पाडलं, जरा बाजूला गेलं. पण काळीभोर, अशी तुकतुकीत झाली, तोंड दिसेल. भेगेचं नाव नाही.

इथं सुमतीनं पेन खाली ठेवलं. उचल म्हटलं, चांगली गोष्ट सांगते आहे.

१३ एप्रिल, बुधवार.

तबकडी लावून बघितली. सुई सरळ घसरत मध्ये गेली. खर्र. नवीन आहे, सुई जुनी आहे. कमलाकांतला नव्या सुयांची डबी आणायला सांगितलं.

१४ एप्रिल, गुरुवार.

नवी सुई. खर्र. उन्हाळ्यानं लाख मऊ आहे. रात्रभर पाण्याच्या माठाखाली ठेवते.

१६ एप्रिल, शनिवार.

मुरायला हवी. माझं चुकलं ते एवढंच की घाई केली. लोणचंसुद्धा पंधरा दिवस घेतं, आणि ते कैरीचं. हे तर गाणं आहे. ताटाळ्यात इतर तबकड्यांच्या मध्ये ठेवली आहे, संगतीनं येईल.

कमलाकांत माझ्याशी बोलत नाही. समितीच्या कामात आहे असं मी लोकांना सांगते.

२१ एप्रिल, गुरुवार.

आज बारीक ऐकू आलं. अगदी लांबून, पण आलं. सुमतीला बोलावलं. तिनं कान लावला आणि म्हणाली, आई, खाली मिरवणुकीच्या घोषणा चालल्या आहेत. मी म्हटलं, त्यांच्या मागून ऐक. ती पुष्कळ वेळ कान लावून बसली. मग म्हणाली, तुम्हाला पेज करून देऊ का.

एरवी ती मला उलट बोलते. आज पेज देते म्हणाली. हे मला आवडलं नाही.

२६ एप्रिल, मंगळवार.

कमलाकांत बोलला. दुसरी एक तबकडी उजेडात तिरपी धरली, माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. बारीक रेघा लागल्या, रेशमासारख्या. नेहमीच लागतात. मग तेच बोट माझ्या नव्या तबकडीवर फिरवलं. काचेसारखी. आई, गाणं लाखेत नव्हतं, रेघांत होतं, म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर मला भांडता आलं असतं.

बांगडीच्या किणकिणीचं त्याला विचारलं. म्हणाला, कुठल्याही बांगडीची किणकिण सारखीच.

तपकीर ओढली. मोजली नाही.

२९ एप्रिल, शुक्रवार.

घाबरायचं कारण नाही. बेबीकडेही भामाबाईंची एक होती, हे मला आज पहाटे आठवलं. मुंबईत एकच आहे असं मी लोकांना सांगते, कारण बेबीला मोजण्यात अर्थ नव्हता. आता मोजली.

एकट्या सुमतीला घेऊन गेले. बेबीला मी चाळीस वर्षांत काही मागितलेलं नाही, आज मागितलं. तीसुद्धा जरा बावरली. मग आतून एक काळी वाटी घेऊन आली. कडा झालरीसारख्या वळवलेल्या, आत चार चिकू. म्हणाली, वहिनी, गरम पाण्यात धरली की मऊ पडते, हव्या त्या आकारात वळते, शेजारच्या बाईंनी शिकवलं. सगळ्या जुन्या तबकड्यांच्या केल्या. कुंडी पण होते.

चिकू काढून मी वाटीच्या तळावरून बोट फिरवलं. रेघा आहेत. झालरीवर चढून पुन्हा उतरतात. भामाबाईच आहेत, बोटाला कळलं. कुठल्याच फोनोवर बसणार नाहीत.

बेबी म्हणाली, न्या हवी तर. चिकूसकट न्या. टोमणा मारला नाही. आज सगळेच माझ्याशी चांगले वागताहेत.

३० एप्रिल, शनिवार.

रेकॉर्डी अदलाबदल झाल्या असतील. सीतारामकडे जायच्या घाईत मी दुसरीच कोणीतरी उचलली असेल आणि भामाबाई ताटाळ्यात सुखरूप असतील. होऊ शकतं. माझं वय झालं आहे, बोटं पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. सकाळपासून एकेक काढून वाजवली. सुमती चावी देत होती. प्रत्येक तबकडी लावण्याआधी मी नाव सांगत होते आणि मनात म्हणत होते, चूक, चूक.

सगळी नावं बरोबर निघाली.

१ मे, रविवार. संध्याकाळ.

सगळी वाडी शिवाजी पार्कला गेली. कमलाकांतनं नवा कोट घातला होता. मंडळाची मुलं सकाळीच तबकडी मागायला आली होती, त्यांना सांगितलं, भामाबाईंचा घसा बसला आहे. ती हसली आणि कर्ण्यावर सनई लावून गेली. मी आणि सुमती घरी राहिलो.

राधा चार वाजता आली. आज पहिल्यांदाच रंगीत पातळ नेसलेली, डाळिंबी. केसांत गजरा. ड्यूटी बदलून घेतली म्हणाली. पायऱ्या चढून आल्यानं दम लागला होता तरी बसली नाही. कुठं आहे, म्हणाली.

मी ती तुकतुकीत तबकडी तिच्या हातात दिली. तिनं उलटी केली, सुलटी केली, बोटानं चाचपली. मावशी, यात आहे? मी म्हटलं, होती.

सगळं सांगितलं. सोनाराचं, बांगड्यांचं, कढईचं. सांगताना सीतारामचं नाव तोंडाशी आलं, झुरळांचं आलं, त्या दिवशी सुमती माहेरी गेली होती तेही आलं. गिळलं. मी आटवली, एवढंच म्हटलं. तुला जानेवारीत ऐकवायला हवी होती.

मला वाटलं रडेल, नाहीतर बोलेल. तिनं पदरानं तबकडीवरचे बोटांचे डाग पुसले, ती माझ्या मांडीवर ठेवली, आणि चपला घालायला दाराशी गेली. एक पाय चपलेत गेला होता.

आणि मी सुरू केलं. मला गाता येत नाही. मुंजीत मंगलाष्टकं मी म्हणायला लागले की भटजी घाई करतात. पण ती तीन मिनिटं मला पाठ आहेत, भामाबाई कुठं दम घेतात, कुठं पेटीवाल्याला मागे टाकतात. भेगेपाशी आले तशी तिथं अडकले, तेच तेच चारदा म्हटलं, मग पुढं गेले. शेवटी गाणं संपल्यावर त्या काळच्या बाया आपलं नाव सांगायच्या, कंपनीला कळावं म्हणून. तेही म्हटलं, त्यांच्यासारखं, जरा लाजून, जरा तोऱ्यात. भामाबाई, मळेवाडवाली. मुंबई.

राधा दारात एका चपलेवर उभी होती. म्हणाली, मावशी, आईचा आवाज असा होता?

मी म्हटलं, असा? अगं, असा असता तर कोणी तबकडी काढली असती का.

ती हसायला लागली. हसता हसता उंबऱ्यातच बसली, चपलेसकट, आणि मग किती वेळ उठलीच नाही. सुमती तिच्याशेजारी जाऊन बसली. मी तबकडी मांडीवर घेऊन बसले होते. खाली सनई संपून नुसतं खर्र चाललं होतं, बंद करायला कोणी नव्हतं.

२ मे, सोमवार.

घसा पार गेला. कुजबुजून सांगते आहे, सुमती माझ्या तोंडाशी कान लावून लिहिते आहे. काढा दिला आहे. घरात इतकी शांतता कित्येक वर्षांत नव्हती असं शेजारी म्हणाले.

राधा येत्या रविवारी येणार आहे. काल ती निघताना मी तिला म्हटलं, तोवर घसा सुधारेल, पुन्हा गाऊन दाखवीन. ती म्हणाली, मावशी, गाऊ नका. नुसतं सांगा, ती कशी गायची ते.